बसा बाबा

भीमराव ओव्हाळांची सगळी नोकरी उभ्यानं झाली. पुण्यात पीएमटीच्या बसवर कंडक्टर, गर्दीत घंटी मारायची आणि लोकांना पुढं सरकवायचं. त्यामुळं पहिल्याच तारखेला खुद्द जज्जसाहेब म्हणाले, “बसा बाबा, उभे का?” तेव्हा माणूस विरघळलाच. घरी येऊन बायकोला, चंपाबाईंना सांगितलं, लाखात एक माणूस आहे, पोरगा आठवड्यात घरी येतो बघ.

कसला येतोय! पोरगा म्हणजे अनिरुद्ध, कॉलेजात शिकवणारा. मांजरी गावाकडची स्मशानाची जागा मंत्र्याच्या भाच्यानं बंगल्यांसाठी लाटली, असं भर सभेत बोलला. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी दगड मारला आणि दंगलीचा कट याच्या नावावर लागला. जामिनाचा अर्ज या साहेबांपुढं आला.

साहेबांची सभ्यता काय वर्णावी! आवाज म्हणून चढायचा नाही. सरकारी वकिलांचा घसा बसला, पुढची तारीख. मंत्री गावात आले, पोलीस बंदोबस्तात, पुढची तारीख. पण बाबांना पंख्याखाली बसवायला साहेब कधी विसरले नाहीत. अनिरुद्धच्या वकीलबाई ऋतिका चिडायच्या, तर भीमरावच त्यांची समजूत घालायचे. साहेब सगळं नीट ऐकून घेतायत, घाई कशाला?

दीड वर्ष ऐकून घेतलं. निकालाच्या दिवशी चंपाबाईंनी पोराचा शर्ट इस्त्री करून पिशवीत घालून दिला. साहेबांनी चष्मा पुसला आणि खाली बघत सांगितलं की वैयक्तिक कारणामुळं आपण हे प्रकरण चालवू शकत नाही, ते दुसऱ्या कोर्टाकडं जाईल. कारण काय, तेही वैयक्तिक. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पोरगा तोवर आतच. झगा केवढा लांबरुंद, आतली छाती कुठं हरवली कुणास ठाऊक!

साहेब उठले. ते उठले की सगळ्यांनी उठायचं, ही कोर्टाची रीत. सगळे उठले. भीमराव मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिले. पट्टेवाल्यानं दबक्या आवाजात बजावलं, बाबा उठा, कोर्टाचा अवमान होतोय. दाराशी साहेबही थबकले.

“साहेबांनी दीड वर्षात एकच आदेश दिलाय,” भीमराव म्हणाले. “बसा म्हणून. तो पाळतोय.”

साहेब या वेळी बसा म्हणाले नाहीत. उठाही म्हणाले नाहीत. तेही बहुधा दुसऱ्या कोर्टानंच ठरवायचं होतं.