पुस्तक कोणी लिहिलं

देवासहून सोनकच्छला जाणाऱ्या बसमध्ये एक गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. शेंगा सोलून टरफलं शर्टाच्या खिशात ठेवत. नाव मी कधी विचारलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो. एकदा माझ्या हातातलं पुस्तक पाहून ते म्हणाले, “भिया, इंग्लंडवर गेलेलं स्पेनचं आरमार फसलं, हे पोरासोरांना पाठ आहे. दुसऱ्याच वर्षी इंग्रजांचं आरमार स्पेनवर गेलं, तेही मार खाऊन परत आलं. ते का नाही शिकवत?”

“पुस्तकात नाही.”

“पुस्तक लिहिलं कोणी?”

“इंग्रजांनी.”

“बस, मग सवालच नाही,” म्हणत त्यांनी माझ्या हातावर चार दाणे ठेवले.

ते दाणे मी मुठीतच ठेवले. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी लिहिला आहे. त्यात धाकट्या भावाच्या नावापुढे ‘तेलाची मिल चालवता आली नाही’ असं छापलं आहे आणि माझ्या नावापुढे ‘आदर्श शिक्षक’. तेव्हापासून तो वडिलांच्या श्राद्धालाही येत नाही. कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती कोणी काढणार नाही, म्हणून इथे लिहितो. मिल आम्हा दोघांची होती, आणि जिच्यामुळे ती बंद पडली ती मशीन त्याचं न ऐकता मी पसंत केली होती.