मावशी फोन आधी ठेवायची नाही

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या ऑफिसची लिफ्ट दोनदा अडकली तरी पोरी लिंबू-मिरची शोधायला लागतात, आणि त्यांची सगळ्यात जास्त टिंगल मीच करते. तेव्हा हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसले असते...

मी ऐरोलीला एका बॅक-ऑफिसमध्ये आहे. परदेशातल्या दवाखान्यांच्या पेशंटना अपॉइंटमेंटची आठवण करून देणं हे आमचं काम. माणूस बोलत नाही, मशीन बोलतं. नंबरांची यादी टाकायची, आवाजाची फाइल जोडायची, वेळ लावायची. डायलर आपोआप कॉल करतो आणि प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो.

माझी मावशी तळवलीची. दारात कोंबड्या, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा नीलेश. तिची एक सवय होती – फोन ती कधीच आधी ठेवायची नाही. "ठेव गो आता," म्हणायची आणि समोरच्यानं कट करेपर्यंत तशीच कानाला लावून बसायची. तिनं 'ठेव' म्हणायच्या आधी माझ्याकडून कधी कट झाला तर पुढचे दोन दिवस गाल फुगलेले.

मागच्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी दुपारी तिला फोन आला. मशीनचा आवाज – 'तुमच्या मुलाचा अपघात झाला आहे. ताबडतोब मेन रोडला या.' नीलेश रबाळ्याच्या कंपनीत होता, तिथे मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. तिनं त्याला अकरा वेळा फोन केला. मग मला केला. मी उचलला, "मावशे, शिफ्टमध्ये आहे, नंतर करते" म्हटलं आणि तिचं ऐकून न घेता कट केला. ती अनवाणी ठाणे-बेलापूर रोडपर्यंत धावली आणि तिथेच कोसळली. डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिलं.

हा उद्योग होता रोहनचा. नीलेशच्या क्रिकेट टीममधला, घणसोलीला राहणारा, चांगला नोकरीला लागलेला घोडा. कुठलंसं प्रँक कॉलचं ॲप. नंबर टाकला की ॲप फोन लावतं आणि समोरच्याची घाबरगुंडी रेकॉर्ड करून देतं. टुर्नामेंटच्या फॉर्मवर सगळ्यांच्या घरचे नंबर होतेच. सात जणांच्या आयांना लावला. सहा जणींनी शिव्या घातल्या. सातवी माझी मावशी. तिचा "कया हाय माजा पोऱ्या? कया हाय?" असा, मुलगा कुठे म्हणून फोडलेला टाहो त्यानं टीमच्या ग्रुपवर हसऱ्या इमोजींसकट टाकला होता... ती गेल्याचं कळायच्या आधी.

दहाव्याला तो आला, मान खाली घालून बसला. मला म्हणाला, "सॉरी ताई, गंमत होती." चौकीत तक्रार दिली, त्याला बोलावून समज दिली, संपलं. नीलेश तर बोलायचाच बंद झाला. माझ्या मात्र डोक्यात रात्रंदिवस एकच – त्याची आईसुद्धा अशीच धावली पाहिजे. अनवाणी. आणि ते मला बघायचं होतं. होय, इतकी मी खाली उतरले होते, आणि तेव्हा त्याची लाजही वाटत नव्हती.

त्याच्या घरचा नंबर नीलेशकडच्या त्याच फॉर्मवर होता. तीन महिन्यांनी मी ऑफिसच्या डायलरवर टेस्टच्या नावाखाली तो चढवला. मजकूर शब्दाला शब्द तोच, चौदा सेकंदांचा. गुरुवार, दुपारी तीन दहा. हाफ डे टाकला आणि घणसोलीला त्यांच्या बिल्डिंगसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहिले.

तीन दहा झाले. पंधरा झाले. तीन वीसला फोटोत पाहिलेली त्याची आई खाली आली. पायात चपला, हातात पाण्याची बाटली, चाल संथ. मला वाटलं डायलर बोंबलला. संताप संताप झाला. ती बाई गेटजवळच्या कट्ट्यावर टेकली आणि मलाच म्हणाली, "पोरी, पुढं रोडला काय ॲक्सिडंट झालाय का गं?"

मी नाही म्हटलं. का विचारता, तेही विचारलं.

मग ती सांगू लागली. साताऱ्याकडची साधी बाई. फोन आला, आधी मशीनवानी एक बाई 'तुमच्या मुलाचा' एवढंच बोलली, आणि मधेच दुसरीच कोणी म्हातारी आली. तिनं सांगितलं, पोरगा बरा आहे, त्याला फोन कर, तो उचलेल. आधी बस, पाणी पी, आणि खाली जायचंच असेल तर चपला घालून जा. पोरानं खरंच उचलला. "लई मायेनं बोलली बघ," ती म्हणाली. "पर फोन काय ठेवंना. तूच ठेव म्हनली, मग म्या ठेवला."

मी तिच्या शेजारी कट्ट्यावरच बसले. बाटलीतलं पाणी तिनं मलाच प्यायला दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन मी तो कॉल उघडला. फाइल चौदा सेकंदांची, रेकॉर्डिंग चार मिनिटांचं! हेडफोन लावला. 'तुमच्या मुलाचा' – आणि मग मावशी. "घाबरू नको गो बाय. तुजा पोऱ्या बरा हाय. खाली बस, पानी पी." रोहनच्या आईनं फोन ठेवल्याचा आवाज आला. कॉल तिथेच संपायला हवा होता. संपला नाही. नुसता श्वास, मागे कुठेतरी कोंबड्या. मी हेडफोन कानावर दाबून धरला.

मग तिनं माझं नाव घेतलं, "सुजे... ठेव गो आता."

आमच्या फ्लोअरवर कुणालाही विचारा, मी सगळ्यांसमोर रडत होते. "ठेवते मावशे," म्हटलं आणि बंद केलं. नंतर पुन्हा उघडलं तर चौदा सेकंद, फक्त मशीनचा आवाज. आयटीवाला म्हणतो, क्रॉस कनेक्शन असेल. असेल बाबा. तिचं सिम नीलेशच्या कपाटात पडलंय, फोनशिवाय.

रोहनला मी माफ केलेलं नाही. समोर आला तर आजही मुस्काटात द्यावीशी वाटते. त्याच्या आईचा नंबर मात्र काढून टाकला. बाकी कशाचाच उलगडा होत नाही. एकच सारखं मनात येतं – त्या गुरुवारी तिनं 'ठेव' म्हणायच्या आधीच मी फोन कट केला होता. तीन महिने ती तशीच कानाला लावून बसली होती की काय?