दोधारीचं बेट आणि विठ्ठलची सोयरीक

हिंगणघाटहून काळी-पिवळी जीप सुटली तेव्हा ड्रायव्हरने विचारलं, "दोधारीले काऊन जी? सोयरीक हाय काय?"

"नाही, बेट बघायला चाललोय."

"मंग आमच्याच गावात पाहा न. दोन बेटं हाय बांबूचे."

इतकी वर्षं भूगोल शिकवतोय, पण बेट बांबूचंही असतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मोबाइल अजून हिंगणघाटच्या पलीकडे पोचला नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

दोधारी वणा नदीच्या दोन धारांमध्ये वसलंय. एप्रिलात एक धार कोरडी आणि दुसरी घोट्याएवढी. चपला हातात घेऊन मी ऐटीत निघालो आणि त्या धारेतल्या एकुलत्या एका डोहात कमरेपर्यंत गेलो. डांगरवाडीत (वाळूतल्या टरबूज-खरबुजांच्या मळ्यात) खुडणी करणाऱ्या बायांनी हसू लपवायची तसदी घेतली नाही.

गाव आंब्याच्या कोयीसारखं, मध्ये फुगीर. फुगवट्यावर वीसेक घरं, एक किराणा दुकान, उतारावर काळी शेतं आणि टोकाला वाळू. माणसांपेक्षा शेळ्या जास्त, आणि माणसांत बिनलग्नाचे बाप्ये जास्त. पावसाळ्यात दोन्ही धारा भरल्या की चार महिने डोंग्याशिवाय (लाकडी होडीशिवाय) बाहेर पडता येत नाही, मग मुलगी देतो कोण? म्हणून दोधारीत सोयरिकी उन्हाळ्यातच जुळवतात, आणि पाहुण्यांसमोर नदीचं नाव काढायचं नाही असा रिवाज आहे.

हे मला गुलाबराव नावाच्या शेतकऱ्याने कोरडं धोतर देता देता सांगितलं. त्याच दिवशी त्यांच्या विठ्ठलसाठी मुलीचे वडील घर पाहायला येणार होते.

"टापू-बिपू म्हणू नका, मास्तर," गुलाबराव म्हणाले. "पोराचे केस पिकून राह्यले."

मुलीचे वडील नामदेवराव आले. पोह्यांवर तर्री (तिखट रस्सा) पडली. दुसऱ्या बशीला मी हात घातला आणि त्यांनी विचारलं, "तुमी इकडं काऊन जी?"

रश्शाने जीभ पोळली होती. "बेट पाहायला," मी बोलून गेलो.

गुलाबराव घाईघाईने म्हणाले, "बांबूचं जी. मास्तरले बांबूचा लय शौक हाय."

नशीब असं, की नामदेवरावांनाही तोच शौक निघाला. सगळे उठून शेताच्या कडेच्या बांबूकडे गेलो. बेट दाट होतं, पण डोक्याच्याही वर त्यात पालापाचोळा, चिंध्या आणि कुणाची तरी चप्पल अडकली होती.

नामदेवराव मान वर करून बघत राहिले. "वारं लय दिसते इकडं."

"हाव, वारं लय," गुलाबराव म्हणाले.

सकाळपासून मुका असलेला विठ्ठल पुढे आला. "वारं नाई, काकाजी. पूर हाय. घरं उंचावर हाय, तिथं पाणी येत नाई. पण चार महिने डोंग्यानंच जा लागते."

गुलाबरावांनी डोळे मिटले. मला विठ्ठलची पाठ थोपटावीशी वाटली.

"म्हणजे चार महिने जावई सासरी येत नाई?" नामदेवरावांनी विचारलं.

"नाई."

"माहे दोन मोठे जावई दर शुक्रवारी येते. कोंबडी खाते अन् सोमवारी जाते." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पक्कं समजा."

हास्याचा गडगडाट झाला, साखर वाटली गेली. उन्हं कलल्यावर नामदेवरावांनी आणि मी मिळून धार ओलांडली. या खेपेला डोह चुकवला. वाळूत आल्यावर ते थांबले.

"मास्तर, जावयाचं मी गमतीनं म्हणलं. पोरीले यावंसं वाटलं तर?"

बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन, हे मी पोरांकडून किती वेळा घोकून घेतलं असेल. लेकीच्या बापाच्या तोंडून ती व्याख्या मात्र पहिल्यांदाच ऐकत होतो. मी म्हटलं, "गावात डोंगा आहे की."

"हाव. पण मी पाह्यला कुठं?" असं म्हणून त्यांनी धोतर वर खोचलं. "तुमी व्हा पुढं. मी त्याच्यात बसून पाह्यतो जरा."

आणि ते पुन्हा पाण्यात उतरले.