लगेजचं तिकीट

विमानात आपण मावणार नाही, ही भीती मला विमान बघायच्या आधीपासून होती. मी जाड आहे. लोक 'अंगानं भरलेली' म्हणतात, 'खात्यापित्या घरची' म्हणतात, पण आरसा आणि शिंपी दोघंही स्पष्ट बोलतात. सेलूतल्या आमच्या शिंप्याला तर माप घेताना आकडा दुकानभर ऐकू जाईल असा ओरडायची खोड होती. एकदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा शिलाई मशीनच घरी आणली. तेव्हापासून माझे ब्लाउज मीच शिवते.

लेक दिल्लीला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं न बोलता ठरलेलं असतं. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला, तेव्हा मीच तिकडं जायचं ठरलं. तिला सासू नाही, त्यामुळं दुसरं कोण जाणार? डिंकाचे लाडू वळून झाले, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली आणि एका सकाळी जावयांचा फोन आला. तिला दवाखान्यात भरती केलं होतं, परवा सकाळी ऑपरेशन. सेलूवरून दिल्लीला थेट गाडी आहे, पण ती निघणार दुसऱ्या दिवशी आणि पोचायला आणखी वेळ घेणार. तोवर सगळं होऊन गेलं असतं.

"आई, विमानानं ये," लेक त्याच फोनवर म्हणाली. "हैदराबादहून तिकीट काढलंय. जागेची काळजी करू नको, मी सगळं बघितलंय."

तिचा आवाज बारीक झाला होता. घाबरली की तिचा आवाज लहानपणापासून असाच होतो. मी "येते गं" म्हणाले आणि फोन ठेवून मशीनच्या खणातली मापाची टेप काढून कंबरेला लावली. माझ्या नणंदेनं कधीतरी सांगितलं होतं की विमानात पट्टा बांधावाच लागतो, नाही बांधता आला तर माणसाला खाली उतरवतात. खरं-खोटं तिलाच ठाऊक. पण ते माझ्या डोक्यात घर करून बसलं. मला उतरवलं तर पोर तिकडं आईवाचून ऑपरेशनला जाणार, एवढंच मला दिसत होतं.

जागेवरून माणसाला मोजतात, हसतात, हे मला पाथरीच्या जीपनं शिकवलं होतं. माझं माहेर पाथरीजवळ. लेक तेव्हा पाचवीत असेल. आम्ही दोघी माहेराहून सेलूला यायला जीपमध्ये बसलो, तर ड्रायव्हर मान वळवून म्हणाला, "मावशी, तुमचे दोन शिटाचे द्यावे लागतेन. उगं नंतर कटकट नको." आतली माणसं हसली. मी मान खाली घालून दोन शिटांचे दिले. थोडं पुढं गेलो तर फाट्यावर एक माणूस पिशवी घेऊन उभा. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि मलाच म्हणाला, "सरका मावशी, व्हतंय व्हतंय." तो माणूस माझ्या मांडीला मांडी लावून बसला.

लेक ताडकन उठली. जीपच्या टपाला डोकं आपटलं तरी बोलायची थांबली नाही. "माझ्या आईकून दोन शिटाचे घेतले न्हाई का? मंग याला कामून बसवलं? उतरवा त्याला!"

मी तिला चिमटा काढून खाली ओढलं. "गप बस," म्हणाले. ती गप बसली. सेलूपर्यंत तोंड बाहेर फिरवून बसली. मी मात्र त्या दिवसापासून खासगी जीप सोडली आणि एसटी धरली. एसटीत माणसाचं वजन कोणी बघत नाही. फार तर बरोबर धान्याचं ठिक्कं असेल, तर कंडक्टर त्याचं वेगळं लगेजचं तिकीट फाडतो. आपण ते उतरेपर्यंत जपून ठेवायचं, कारण मध्येच तपासनीस चढला तर आधी तेच मागतो.

म्हणून हैदराबादच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं माझी लाडवांची बॅग काट्यावर ठेवली आणि मला एकाऐवजी दोन कागद दिले, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. एक माझं, एक लगेजचं. दुसरा कागद मी न बघताच घडी घालून पर्समध्ये खोल ठेवला. यजमान दाराबाहेरूनच परतले होते, नाहीतर त्यांनी तरी वाचला असता.

विमानातली वाट आमच्या देवघराच्या दारापेक्षा अरुंद. पदर खोचून मी आडवी चालत गेले आणि ज्याच्या ज्याच्या कोपराला लागले त्याला त्याला सॉरी म्हणत गेले. माझी जागा खिडकीची. दोन खुर्च्यांच्या मधला हात वर केला, बसले, पट्टा ओढला. वीतभर कमी पडला.  श्वास आत घेतला, पुन्हा ओढला, तरी तसंच. शेवटी हवाई सुंदरीला हात केला आणि हळूच म्हणाले, "बेटा, पट्टा कम पड रहा है." ती लगेच मागं गेली आणि मुठीत गुंडाळलेला पट्ट्याचा एक जादा तुकडा घेऊन आली. तो जोडला, टक् आवाज झाला, ती पुढं निघून गेली. कोणी हसलं नाही, कोणी वळून बघितलं नाही. ज्याच्यापायी माझी झोप उडाली होती, ते काम एवढंसं होतं. मला रडूच आलं. आता पोरीपर्यंत पोचते, असं पहिल्यांदा वाटलं.

त्या आनंदात मी मोठ्या मनाची झाले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्या पलीकडं एक वयस्कर बाई. तिच्या नवऱ्याला पार मागं जागा मिळाली होती आणि ती सारखी मान मोडून मागं बघत होती. आता आमच्याकडच्या माणसाला रिकामी शीट दिसली की गप राहवतं का? आम्ही तिघांच्या बाकड्यावर चौथ्याला बसवणारी माणसं. मी हात हलवून म्हाताऱ्याला हाक मारली, "आइए, इधर जगह है!"

हवाई सुंदरी धावत आली. हातातल्या यंत्रात बघितलं, मग माझ्याकडं. "मॅडम, आपको चलेगा ना? पक्का?"

मला अप्रूप वाटलं. कोणाला बसवताना माझी परवानगी आजवर कोणी घेतली नव्हती. "चलेगा, चलेगा," मी म्हणाले.

म्हातारा आला, बसला आणि मग त्याला कळलं की तो कोणाशेजारी बसला आहे. त्यानं मधला हात खाली करायचा प्रयत्न केला, तो माझ्या मांडीवर अडकला. त्यानं मोठ्यानं उसासा सोडला. मी भिंतीकडं सरकले, आणखी सरकले, खिडकीकडच्या कडेत माझा डावा हात दाबून धरला आणि उजवा छातीवर घेऊन बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही, कारण घ्यायला हात लांबवावा लागला असता. बऱ्याच वेळानं तो बायकोकडं झुकून म्हणाला, "ऐसे लोगों को दो टिकट लेना चाहिए."

त्याला वाटलं असेल, या नऊवारी बाईला काय समजणार. आमच्या भागात उर्दू-हिंदी ओसरीवर ऐकतच माणूस मोठा होतो. माझ्या अंगाची आग झाली. बोलावलं कोणी होतं याला? मीच ना?

गुडघा ठणकायला लागला म्हणून गोळीसाठी कशीबशी पर्स उघडली, तर वर तो दुसरा कागद आला. त्यावर माझं नाव होतं. विमान हेच. जागेचा आकडा तोच, पुढचं अक्षर तेवढं वेगळं. मी वर बघितलं. ते अक्षर म्हाताऱ्याच्या डोक्यावर होतं.

आधी मला वाईटच वाटलं. म्हणजे माझ्या पोरीनंसुद्धा मला दोन शिटांत मोजलं. म्हाताऱ्याचं बोलणं त्यापुढं काहीच नव्हतं. मग जीप आठवली. ड्रायव्हरनं दोनचे घेऊन एक दिली होती. पोरीनं मात्र मला खरंच दोन दिल्या होत्या. त्या जीपमध्ये जी जागा तिला भांडून मिळाली नाही, ती तिनं मोठी होऊन मला घेऊन दिली आणि मी हाका मारमारून ती दुसऱ्याला देऊन टाकली.

वाक्य जिभेवर तयार होतं: लिया है टिकट, आप उसी पे बैठे हो. मी ते मनात किती वेळा म्हणाले असेन. पण म्हणाले नाही. दया म्हणून नाही. तो कागद दाखवला असता, तर दोन तिकिटांची बाई कोण म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं असतं. मी कागद घडी घालून आत ठेवला आणि दिल्ली येईपर्यंत भिंतीला चिकटून बसले.

दवाखान्यात लेक कुशीवर पडून होती. चेहरा सुजलेला, हाताला सलाईन. मला बघून तिनं आधी ऑपरेशनचं काही काढलंच नाही.

"आई, पसरून आलीस ना गं? बाजूला कोणी नव्हतं ना?"

"न्हाई गं. मोकळीच होती. लय आरामात आले."

तिनं माझा डावा हात हातात घेतला. खिडकीकडच्या कडेनं मनगटापासून कोपरापर्यंत लाल वळ उठला होता. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

"कोणाला बसवलंस?"

मला खोटं पुढं नेता आलं नाही. "म्हातारं माणूस होतं गं. मला काय ठाऊक, ती माझी होती? मला वाटलं लगेजचं तिकीट हाय."

ती हसेल असं वाटलं होतं. पण तिचे डोळे भरून आले. "सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस," म्हणाली. मग एवढं मोठं पोट सावरत, सलाईनचा हात जपत ती पलंगावर इंच इंच मागं सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर थाप मारली. "बस इथं. आणि ही कोणाला देऊ नको."

मी बसले. पलंग करकरला. बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी कडेवर अर्धीच टेकले आहे आणि सगळा भार पायांवर धरला आहे, कोणी सरका म्हणालं तर लगेच उठता यावं म्हणून. तिनंही ते बघितलं. पण या वेळी मी चिमटा न काढताच ती गप बसली.