टेंगूळ

धुळ्यात मी शवविच्छेदन करते. किरकोळ पडलेली, स्वतः चालत घरी गेलेली आणि दोन दिवसांनी डोक्यात रक्त साकळून दगावलेली माणसं माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे जळगावातल्या पिंप्राळ्यात वडील न्हाणीत घसरून त्यांचं डोकं आपटल्याचं कळताच मी तिकडे धावले. आबांचं म्हणणं, टेंगूळ बाहेर आलं म्हणजे मार आत गेलाच नाही. हे मी मेलेल्यांच्या घरच्यांकडून इतक्यांदा ऐकलंय, की आबांवर खेकसलेच. रिक्षात कोंबून त्यांना स्कॅनला नेलं. आत काहीच निघालं नाही. डॉक्टरांच्या देखत मला रडू फुटलं. टेंगूळ चोळत आबा त्यांना म्हणाले, "जित्ता माणूस तपासानी तिले सवयच नही शे."