तपासणीच्या आधीचे आठ दिवस

माझ्या नवऱ्याने सव्वीस वर्षं बस चालवली. डेपोत त्यांना सगळे 'आस्तेकदम' म्हणत, कारण म्हातारं माणूस जागेवर नीट टेकल्याशिवाय ते गाडी हलवायचे नाहीत. मागच्यांनी हॉर्नचा कितीही ठणाणा केला तरी हे ढिम्म. मी चिडवायचे, "तुमच्या बसने माहेरी निघाले तर म्हातारी होऊन पोचेन." ते हसायचे.

गेल्या वर्षी ते हसेनासे झाले. अपघात नाही, भांडण नाही, काही नाही. एके सकाळी गणवेश घालून पलंगावर बसले ते दुपारपर्यंत तसेच, हातात एक बूट. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांच्या आजारी रजेचा दाखला लिहून दिला. खरं सांगते, मला लाज वाटली. शेजारणीला म्हटलं, कंबर धरलीय.

पहिला महिना नुसती झोप आणि तोंडाला कोरड. पाचव्या आठवड्यात त्यांनी आपणहून दाढी केली. सातव्या आठवड्यात "भाजीत मीठ कमी आहे" म्हणाले आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले. माझा माणूस परत येत होता. "पुन्हा स्टिअरिंग धरायचंय गं," एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी डेपोच्या डॉक्टरांची तपासणी पार पडायला हवी होती.

तपासणी ठरली तसा त्यांचा डेपोतला जुना दोस्त घरी आला. तोही ड्रायव्हरच. या मंडळींची एक रीत आहे: तपासणी आली की असतील नसतील त्या गोळ्या आठ दिवस आधी बंद. रक्तात काही सापडायला नको.

"वहिनी, या गोळ्या सापडल्या तर याला कायमचा गाडीवरून उतरवतील," तो म्हणाला.

हे नको म्हणत होते. "डॉक्टरांनी मधेच सोडू नका म्हणून बजावलंय गं."

मीच हट्टाला पेटले. "आठ दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" म्हटलं आणि गोळ्या कपाटात घालून कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी चक्कर आणि घाम. पाचव्या दिवशी रडू. सातव्या दिवशी ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले. तरी मी कुलूप काढलं नाही, एकच दिवस उरला होता ना! आठव्या दिवशी मी त्यांना अक्षरशः ओढत नेलं.

डेपोच्या डॉक्टरांनी फाईल उघडली. रजेच्या दाखल्यावर आजाराचं नाव होतं, गोळीचंही होतं. तो कागद मी कधी वाचलाच नव्हता.

"गोळ्या नियमित चालू आहेत ना?" त्यांनी विचारलं. "तब्येत स्थिर असेल तर सही करायला माझी काही हरकत नाही."

मीच काय ते सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्याच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, मग बदलल्या, मग वाढवल्या. पहिल्यासारखा गुण काही आला नाही. रजा वाढली, पुन्हा वाढली, आणि शेवटी त्यांना डेपोच्या फाटकापाशी खुर्ची मिळाली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. दोस्त येऊन माझ्यापुढे रडला. त्याला काय बोलू? कुलूप मी लावलं होतं.

परवा जेवताना त्यांनी मधेच घास खाली ठेवला.

"तेव्हा मी बरा होत होतो ना गं?"

त्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं, म्हणून मला विचारत होते.

"हो," मी म्हटलं. "होत होतात."