एकटी शिपाईबाई

अगं पोरी, जवळ ये, तुझ्या गाडीला वेळ हाय अजून, तो मोबाईल ठेव की जरा! तालुक्याच्या तुरुंगाला मी जेवणाचे डबे पुरवते, तिथल्या शिपाईबाईचं सांगते. नाव कधी विचारलं न्हाई. बायकांच्या कोठडीवर ती एकटीच. लावलेलं कुलूपसुद्धा पुन्हा ओढून बघायची. तिची लहान लेक तिसगावला, हिच्या सासूजवळ.

"मावशी, कोठडीत एखादी बाई आली की मीबी आतच, घरी जायला सुट्टी न्हाई," म्हणायची हसून. "लेक आता माझ्या सासूलाच आई म्हणती."

यंदा सरकारनं तुरुंगात नवे शिपाई भरायला पैसा दिला, दुसरी शिपाईबाई हजर झाली. तिच्या हातात चाव्या देऊन ही चहासुद्धा न घेता तिसगावच्या एसटीकडे पळतच सुटली. सरकारी पैसा मी असा पळताना पहिल्यांदाच पाहिला बाई!

तू आज चाललीस, पण लवकर परत ये गं. वाट मीबी बघतेच की.